न झालेल्या सामन्यातलं लाल कार्ड

मी रेफ्री आहे. शनिवार-रविवार शिट्टी वाजवतो, बाकीचे पाच दिवस घरोघरी पाण्याचे मीटर वाचतो. आम्हा मीटरवाल्यांची एक रीत आहे. घराला कुलूप दिसलं की मागच्या महिन्यावरून अंदाजाने आकडा टाकायचा आणि पुढचं दार गाठायचं. आकडा गोल ठेवायचा नाही. शेवटी सात नाहीतर तीन आला की तो खरा वाटतो. हे मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं आणि फुटबॉल महासंघात ते फार उपयोगी पडलं.

जागतिक संघटनेच्या निवडणुकीत प्रत्येक देशाला एक मत असतं. नकाशावर आमचा देश बोटाखाली झाकला जातो, पण मत अख्खं. आमच्या अध्यक्षांनी ते कुणाला विकलं हे महासंघाच्या शिपायालाही ठाऊक होतं. निकालानंतर दोन महिन्यांत मुलींच्या लीगसाठी अनुदान आलं आणि अध्यक्षांच्या मेहुण्याच्या हॉटेलावर दोन मजले चढले. लीग काही झाली नाही. पण प्रत्येक सामन्याचा अहवाल वर पाठवावा लागायचा, आणि अहवालावर रेफ्रीची सही लागते.

"वर कोण वाचतंय?" सचिव मला म्हणाले. "तुम्ही लिहायचं, मी पाठवायचं. त्यांना फाइल जाड दिसली की झालं."

मी पैसे घेतले नाहीत. हे मी छाती पुढे काढून सांगत असे. मला त्या छातीवर लावायला आंतरराष्ट्रीय रेफ्रीचा बिल्ला हवा होता, आणि त्याची यादी सचिवांच्या टेबलावरूनच वर जाते. म्हणजे लाच मीही खाल्ली. फक्त ती कापडाची होती.

एका शाळेच्या पीटी मास्तरांनी हजेरीपटातून मुलींची नावं दिली. जेवण झालं की मी ताटाशेजारीच वही उघडायचो आणि सामने खेळवायचो. चौतिसाव्या मिनिटाला गोल, एकसष्टाव्याला बदली खेळाडू. बावीस सामने झाले. गोलकीपर म्हणून एका संघात मी माझ्या भाचीचं नाव घातलं. ती खरोखरच गोलकीपर, सगळे तिला भिंत म्हणतात. शाळेच्या मैदानावर मुलांच्या पेनल्ट्या अडवून त्यांना रडवायची. म्हटलं, पोरीला कागदावर तरी लीग मिळू दे.

सचिवांनी एकदा अहवाल चाळले आणि ओठ मुडपले. "सगळ्या मुली देवळातून आल्यासारख्या खेळतायत. एखादं लाल कार्ड टाका हो. खरं वाटायला नको?"

आता कार्ड द्यायचं कुणाला? हजेरीपटातल्या पोरी लोकांच्या. त्यांच्या नावाला डाग लावायला हात धजेना. म्हणून मी भाचीला दिलं. आठ सामन्यांनी दुसरं दिलं. तिसऱ्या वेळी हात मोकळा झाला होता. लिहिलं, "गोलकीपरने रेफ्रीला शिवीगाळ करून छातीवर ढकलले." अहवाल झकास उतरला होता. मी तो बायकोला वाचूनही दाखवला. ती म्हणाली, "पोरीचं नाव तरी बदल." मी हसण्यावारी नेलं.

वर खरंच कुणी वाचत नव्हतं. पण तिथल्या संगणकाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

काही महिने गेले. जागतिक संघटनेने सहा महिन्यांसाठी एक परदेशी प्रशिक्षक बाई पाठवली. तिने शाळाशाळांची मैदानं पायी पालथी घातली आणि सतरा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी अठरा मुली निवडल्या. पहिलं नाव माझ्या भाचीचं. नोंदणी करताना सतरा नावांपुढे हिरवी खूण आली आणि भाचीच्या नावापुढे लाल. तीन लाल कार्डं, रेफ्रीवर हात, एक वर्ष बंदी. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

मी सचिवांकडे धावलो. ते दात कोरत होते.

"तुमची भाची? अरेरे. दुसरं नाव नाही सापडलं तुम्हाला?"

"तो ढकलल्याचा अहवाल मागे घ्या."

"म्हणजे सामना झालाच नाही असं लिहून देऊ? मग बाकीचे एकवीस कुठे झाले ते विचारतील. लीग गेली की संघ गेला, अठराही पोरी घरी. आणि तुमचा बिल्लाही." त्यांनी काडी टोपलीत टाकली. "सोपं आहे. पोरीने माफी मागायची. वय लहान आहे, सोडून देतील."

माफीनाम्याचा कागद घेऊन मी ताईकडे गेलो. ताई शिवणयंत्रावर पडदे शिवत होती. भाची खिडकीत बसून हातमोज्यांची उसवलेली बोटं टाचत होती. बातमी तिला प्रशिक्षक बाईंकडून कळली होती.

"मामा, मी म्हणे रेफ्रीला ढकललं. कोण होता रे रेफ्री?"

यंत्र थांबलं.

"मी," मी म्हणालो.

"तुला? तू पंच्याण्णव किलोचा आहेस."

मला हसू आलं आणि त्याची लगेच किळस वाटली. मग मी सगळं सांगितलं. मेहुण्याचे मजले, हजेरीपट, ताटाशेजारची वही, सगळं. ताई पडद्याची किनार बोटाने सरळ करत राहिली.

"एवढ्या पोरींत हिचंच नाव का रे?"

"परक्याच्या मुलीला कशाला बदनाम करायचं, म्हणून."

"अच्छा. म्हणजे माया केलीस," ताई म्हणाली. "अख्खी लीग खेळली माझी मुलगी. आधी सांगायचंस ना, डबा भरून दिला असता."

भाचीने कागद वाचला. एकदा, मग पुन्हा. "हे मी केलेलं नाही. मी सही करणार नाही."

"नको करूस," मी म्हणालो. तेवढं म्हणताना मला मोठं हायसं वाटलं, कारण आता निर्णय तिचा झाला होता.

"मग तू खरं सांगशील?"

मी बाकीच्या सतरा मुलींचं सांगितलं. सचिवांचे शब्द जसेच्या तसे, फक्त बिल्ल्याचं वाक्य गाळून. तिने बराच वेळ मोज्यातून सुई ओढली. मग पेन मागितलं. माझ्याकडे मीटरचं पेन होतं, तेच दिलं.

सुनावणी महासंघाच्या कार्यालयात झाली, सकाळी अकरा वाजता. भिंतीवर पडदा, त्यावर जागतिक संघटनेच्या शिस्त समितीची तीन माणसं, तीन वेगळ्या देशांतली. एकाच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं आणि पुस्तकांवर प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच होतं. दुभाषा टेबलाच्या टोकाला. मी, भाची आणि सचिव एका ओळीत. सचिवांनी मला आदल्या दिवशीच कोट घालून यायला सांगितलं होतं.

कपाटवाल्याने आधी मला विचारलं. "रेफ्री, आपला अहवाल खरा आहे का?"

एका शब्दाचं काम होतं. नाही म्हणायचं. मुलींसाठी मी गप्प बसलो असं सांगायला बरं वाटतं, पुष्कळांना मी तसंच सांगितलंय. ते खोटं आहे. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर सतरा मुली नव्हत्या, बिल्ला होता. त्याचा निळा रंगही मला दिसत होता.

"हो," मी म्हणालो. "खरा आहे."

भाची उभी राहिली. तिने तोंड पडद्याकडे केलं नाही, माझ्याकडे केलं.

"रेफ्री साहेब, मी तुम्हाला शिव्या दिल्या. छातीवर ढकललं. माझी चूक झाली. मला माफ करा."

मी मान हलवली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून म्हणालो, "माफ केलं."

तिघांनी आपसांत कुजबुज केली. मग कपाटवाला समाधानाने म्हणाला की मुलीने मोठेपणा दाखवला, बंदी इथेच संपते, आणि तिने यापुढे रेफ्रीचा मान राखायला शिकावं. दुभाष्याने तेही नीट सांगितलं. सचिवांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मी तिच्या मागे जिना उतरलो. तीन मजले ती पुढे, मी मागे. खालच्या पायरीवर ती थांबली.

"त्या सामन्यात मी किती गोल अडवले होते?"

"सात."

"कसे?"

"म्हणजे?"

"वरचे की खालचे? उडी मारून? की पायाने? पेनल्टी होती का एखादी?"

मी आठवायला लागलो. आठवायला काही नव्हतंच. वहीत एक रिकामी चौकट होती आणि मी तिच्यात सात लिहिले होते.

ती रस्ता ओलांडून सरावाला गेली. पुढच्या महिन्यात मला बिल्ला मिळाला. तो टाचून दे म्हणून मी कोट ताईकडे नेला होता. तिने सुई-दोरा आणून माझ्या हातात दिला आणि पडदे शिवत बसली.