थोरलीने नाकारलेला चहा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. बुडाला चार पोचे आहेत, पण एके काळी माझा थाट बघण्यासारखा होता. कपडे शिवायच्या कारखान्यात चहावाल्या मावशी मला घेऊन रोज दोनदा फिरायच्या. मी दिसले की मशिनी थांबायच्या. साहेब आले तरी थांबत नसत!

तिथे एक रीतच पडली होती. चहा नाकारला म्हणजे बाई कोणावर तरी रुसली. दोघी जावा तिथे शेजारीशेजारी शिवायला बसत. एकदा थोरलीने सलग सहा दिवस चहा नाकारला. मी जवळ गेले की नाकाला रुमाल लावायची. राग आपल्यावरच आहे असं वाटून धाकटीही फुगून बसली. दोघी मिळून उचलायच्या ते कापडाचे गठ्ठे थोरली एकटीच ओढू लागली.

थोरली बेचाळिशीची. आधी दोनदा दिवस जाऊन गर्भ टिकला नव्हता. आता पाळी चुकून दोन आठवडे झाले, तर वय झालं म्हणून तिने सोडून दिलं. छाती दुखायची, सारखं लघवीला जावं लागायचं, दुपारी मशीनवरच डोळा लागायचा. तरी तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मावशींच्या मात्र सगळं लक्षात आलं. मला खाली ठेवून त्यांनी तिच्या हातातला गठ्ठा काढून घेतला.

"हे रुसणं नाही गं. पाळी चुकली की लघवी तपासून कळतं. आजच दवाखान्यात जा."

दिवस गेलेले निघाले, सहावा आठवडा. डॉक्टरीणबाईंनी ओझं उचलायला सक्त मनाई केली. धाकटीला रडू आवरेना.

"ताई, मी एकदा तरी विचारायला हवं होतं."

"मलाच माहीत नव्हतं, तुला काय सांगणार होते?"

पुढे दोन महिने त्या रांगेतल्या सगळ्या जणी दाराबाहेर जाऊन चहा प्यायल्या, तिला वास नको म्हणून. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण थोरलीला मुलगी झाली तेव्हा सगळं भरून पावलं.

आता चहाचं यंत्र आलंय आणि मी कपाटावर धूळ खात पडले आहे. पण मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, कोणी तुमच्या हातचं नको म्हणालं, तर रागावण्याआधी 'तुला बरं नाही का?' एवढं विचारा. ती मुलगी आता शाळेत जाते, आणि धाकटीला त्या सहा दिवसांचं अजून वाईट वाटतं.