मामाच्या साठीचा एकखांबी तंबू

भवानीला मामावर सूड उगवायचा होता, आणि त्यासाठी लागणारा तंबू निवडायला मामाने तिला स्वतःहून पाठवलं. इतकं सहकार्य करणारा शत्रू अख्ख्या मद्रास शहरात दुसरा सापडला नसता.

मामाचं नाव राघोत्तमराव. जॉर्जटाउनात कागदाची घाऊक पेढी, तंजावूरकर मराठी मंडळींच्या जितक्या सभा तितकी अध्यक्षपदं, आणि एवढा सगळा मान पोटावर तोलून धरायची सवय. पुढच्या महिन्यात त्याला साठ वर्षं पुरी होत होती. साठीला आपल्याकडे नवराबायकोचं पुन्हा लग्न लागतं. हार, होम, अक्षता, सगळं. पहिल्या लग्नात लोकांनी आपल्याकडे नीट पाहिलं नाही, सगळे नवरीकडेच बघत होते, ही मामाची जुनी तक्रार होती. ती आता निकालात काढायची होती.

भवानीची तक्रार त्या मानाने नवी. तीन वर्षांपूर्वी मामाच्या मुलाचं, गुरुमूर्तीचं, लग्न झालं. भवानीची आई अन्नपूर्णाबाई ही मामाची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा मामाला तिनेच वाढवलं; पुढे गुरुमूर्तीलाही न्हाऊमाखू घातलं. पण लग्नाच्या वेळी तिच्या कपाळावर कुंकू राहिलं नव्हतं. मामाने हसत हसत तिचं कोपर धरलं आणि मांडवाच्या एका जाड खांबामागे नेऊन बसवलं.

"आक्का, इथे गार आहे."

गार होतंच. तिथे वाऱ्याशिवाय दुसरं काही पोचतच नव्हतं. नव्या जोडप्याची नजर विधवेवर पडू नये, एवढाच त्यातला जिव्हाळा. आईने टाकलेल्या अक्षता खांबावर आपटून तिच्याच ओटीत पडल्या. घरी आल्यावर ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. भवानीने तो खांब मनात रोवला आणि रोज त्याला तेलपाणी करत राहिली. मैलापुरात ती मुलींना टायपिंग शिकवायची. न बघता नेमकं कुठे बोट मारायचं, हे शिकवण्यावर तिचं पोट होतं.

"हे बघ गे भवानी," मामा म्हणाला, "झावळ्यांचा पंदल-मांडव नको. पंदल काय, कोणीही घालतो. मला तंबू पाहिजे. पेरुंगुडीच्या आपल्या माडांच्या बागेत. म्हणजे लोक बागही बघतील."

"सरि, मामा," भवानीने मान डोलावली.

"आणि मी मधोमध. बरोब्बर मधोमध! कुठूनही बघा, मीच."

"मधोमध."

"आणि खांबांचं जंगल नको मला. खांब आले की माणसं खांबामागे जातात."

हे वाक्य त्याने सहज म्हटलं. भवानीने त्याचा चेहरा निरखून पाहिला. एखादी रेघ हलते का, एखादी पापणी लवते का. काही नाही. तिथे आठवण नावाची वस्तू शिल्लकच नव्हती. तोवर भवानीच्या मनात थोडी दयामाया होती, ती त्या क्षणी रजेवर गेली.

"एकच खांब असला तर, मामा?"

"उत्तम! एक खांब, आणि मी मधोमध!"

एकखांबी तंबूत मधोमध काय असतं, हे शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. पण मामा तेव्हा पानाला चुना लावत होता.

तंबू भाड्याने देणारे दत्ताजीराव चिंतादरीपेटेत राहत. त्यांच्या अंगणात कापडाचे इतके डोंगर रचलेले होते की शेजारीपाजारी त्यांना वळसा घालून जात. दत्ताजीरावांनी आधी माणसं किती, बसणार की जेवणार, जमीन कसली, हे विचारून घेतलं. जमीन रेतीची आहे म्हटल्यावर मान हलवली.

"रेतीत खुंट्या धरत नाहीत, टीचरम्मा. पोत्यांत रेती भरून खोल पुरायची आणि तणावे त्यांना बांधायचे. दुपारी तिकडे समुद्राचा वारा सुटतो. तंबू उडाला तर पाहुणे तुमचे, तंबू माझा. तुम्ही चौखांबी न्या. खांब चार कोपऱ्यांना जातात, मधलं सगळं मोकळं. लग्नाला सगळे तोच नेतात."

"एकखांबी आहे?"

"आहे. सर्कशीचा. सर्कस बुडाली, तंबू तेवढा वर राहिला. पावसाळ्यात अजून सिंहाचा वास येतो. पण त्याचा मधला खांब म्हणजे गलबताची डोलकाठी आहे, सांगून ठेवतो. सर्कशीत त्याच्याभोवती घोडे फिरायचे."

"आमच्याकडे मामा आहे."

"फिरणार?"

"फिरला तर फारच बरं."

दत्ताजीरावांनी कानावरची विडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली. "मुख्य माणूस खांबाआड जाणार हां. मग मला शिव्या देऊ नका."

"शिव्या मला पडणार आहेत. मी त्यांचीच वाट बघतेय."

घरी जाऊन तिने एक मोठं वर्तुळ काढलं, मध्ये एक ठसठशीत ठिपका दिला आणि मामाला दाखवलं. लपवाछपवी तिला पसंत नव्हती. मामाने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा मी ना?"

"ती तुमचीच जागा, मामा."

"थोडा मोठा काढ," मामा म्हणाला.

तंबू आदल्या दिवशी दुपारी उभा राहिला. मामा पेढीवर होता. बागेत आधी मामी आल्या, राजसबाई. हातात पूजेचं तबक, चेहऱ्यावर गोंधळ. पंदल घालताना पहिला बांबू रोवतात, तीच मुहूर्तमेढ. तिला हळदकुंकू लावायचं, आंब्याची डहाळी आणि नवधान्याची पुरचुंडी बांधायची, आणि कार्य उरकेपर्यंत तिला कोणी जागेवरून हलवायचं नाही. पण भाड्याच्या तंबूची मेढ कोणती, हे मामींना कोणी सांगितलं नव्हतं.

"सगळ्यात आधी काय उभं केलं, दत्ताजीराव?" भवानीने मोठ्याने विचारलं.

"मधला खांबच की. तो उभा केल्याशिवाय कापड चढतंय कुठे?"

"अय्यो, मग हीच मेढ!" म्हणत मामींनी खांबाला हळद फासली. भटजींनी मंत्र म्हटले. मागोमाग खांबाच्या अंगाला लागूनच पश्चिमेला चौथरा घातला गेला आणि त्यावर कलश मांडले. नातेवाईक बायकांना नुसता खांब बोडका वाटला. त्यांनी त्याला केळीचे दोन खुंट बांधले. मग घड दिसेनात म्हणून आणखी दोन. मग ऊस. मग नारळांचा घोस. भवानीने कोणालाही सुचवलं नाही आणि कोणालाही थांबवलं नाही. संध्याकाळपर्यंत खांबाचं रान झालं, आणि एक खार त्यात राहायलाही आली.

सकाळी मामा जरीचं धोतर नेसून तंबूत शिरला आणि जागीच उभा राहिला.

"हे काय? हलवा हे!"

"मेढ आहे ती!" मामी किंचाळल्या. "पूजा झालीय! साठीच्या दिवशी मेढ हलवताय?"

"तो हलवला तर तंबू खाली येईल," दत्ताजीराव म्हणाले. "तेवढ्यापुरतं सगळे दिसतील मात्र."

"मग चौथरा हलवा!"

"कलशस्थापना झाली," भटजी म्हणाले. "देव उठवायचे का?"

"मी तोंड तिकडे करून बसतो!"

"यजमान पूर्वेलाच तोंड करणार. पश्चिमेला करायचं तर दुसरे भटजी बोलवा."

पूर्वेला खांब होता. खांबापलीकडे दार, आणि दारातून पाहुणे आत येत होते. मामा बसला. केळीच्या पानांच्या फटीतून त्याचा एक डोळा आणि मामींचं अर्धं कुंकू दिसत होतं. मामाने भवानीला खुणेने जवळ बोलावलं.

"कोणी केलं गे हे?"

या प्रश्नासाठी ती तीन वर्षं थांबली होती. "मी."

"का?"

"गुरुमूर्तीच्या लग्नात आईला बसवलंत, तिथून कसं दिसतं ते तुम्हाला कळावं म्हणून."

मामाने खरोखर आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या. "कुठे बसवलं होतं?"

भवानीला वाटलं, सगळं फुकट गेलं. ज्याला आठवतच नाही, त्याच्यावर सूड कसा पोचायचा? नुसता खांब पुरत नव्हता.

बोलणं चालू असतानाच आई खांबापलीकडे येऊन पोचली होती, पांढऱ्या लुगड्यात, सगळ्यांना वाट देत, कडेकडेने. भवानीने खांबाच्या पुढ्यात, दाराकडे तोंड करून, एक खुर्ची ठेवली होती.

"मला मागे कुठेतरी बसव गे," आई हळूच म्हणाली.

"मागे जागा नाही, आई. मागे मामा आहे."

आईने खांबाच्या रानात डोकावून पाहिलं. आत हार घातलेलं काहीतरी हलत होतं. तिने पदर नीट केला आणि ती खुर्चीवर बसली. मागे टेकूनच बसली.

पाहुणे यायला लागले. निम्मे मामाच्या पेढीचे ओळखीपाळखीचे, सहकुटुंब. त्यांतल्या बायकामुलांनी मामाला कधी पाहिलंही नव्हतं. आत शिरलं की समोर सजवलेला भव्य खांब, आणि त्याच्या पुढ्यात एक वृद्ध, शांत बाई. एका मुदलियारांच्या कुटुंबाने तिला साष्टांग नमस्कार घातला आणि चांदीचा पेला हातात दिला. आईने आशीर्वाद दिला. मागच्यांनी पुढच्यांचं पाहिलं. बघता बघता दारापर्यंत रांग लागली. लोक वाकत होते, भेट देत होते, आणि कर्तव्य उरकल्याच्या समाधानात जेवणाकडे वळत होते. फोटोग्राफरने आईचे एकामागून एक फोटो काढले. खांबामागून आवाज येत होता, "इकडे! अहो, इकडे!" एका आजोबांना तो खारीचा वाटला.

होम आटोपला. भटजींनी पुकारा केला, "यजमानांनी घरच्या वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यावा."

मामाच्या घरात वडीलधारं माणूस एकच उरलं होतं.

मामा चौथऱ्यावरून उतरला, खांबाला वळसा घालून पुढे आला. आता कुठे सगळ्या तंबूला तो दिसला; आणि दिसला तोच वाकला, त्यामुळे लोकांच्या वाट्याला त्याची पाठ आली.

आईने आशीर्वादासाठी हात उचलला. हात मामाच्या डोक्यावर वीतभर अंतरावर थांबला. तो खाली येईपर्यंत मामाला उठता येत नव्हतं.

"आक्का," मामा खालून कुजबुजला, "पोट दाबतंय."

"वाकलेला राहा. गुरुमूर्तीच्या लग्नात तू मला खांबामागे बसवलंस. तुला आठवत नाही, मी ऐकलं आत्ता."

"आक्का, सगळे बघतायत गे..."

"बघू देत की. तेवढ्यासाठीच तर तंबू घातलास. तुला बरंच काही आठवत नसेल, राघू. आज मला वेळ आहे. तू तीन वर्षांचा होतास, कोणाच्या हातून भात खात होतास, तिथून सांगते."

आईचा आवाज चढला नव्हता. पण पहिल्या चार रांगा खुर्च्या पुढे ओढत होत्या. भवानीने इतकी वर्षं पाळलेला राग आईच्या रागापुढे ठेवून पाहिला, आणि आपण अजून शिकाऊ आहोत हे तिला मुकाट्याने कबूल करावं लागलं.

दत्ताजीराव तिच्याजवळ आले. "वारा सुटायच्या आत कापड उतरवलेलं बरं, टीचरम्मा. तणावे सोडायला घेऊ?"

भवानीने खांबाकडे पाहिलं. मामा अजून वाकलेलाच होता. आईचा हात तिथेच होता, तसूभरही खाली न येता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आई अजून मामाच्या मुंजीपर्यंतच आलीय."