उरलेली अर्धी प्रार्थना

इनासला रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, शिकवण्यात फिलोमिनाबाईंचा स्वतःचाही फायदा होता, फक्त तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. रोझरीत एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि उरलेली दुसऱ्याने पुरी करायची. वसईला माहेरी उत्तर द्यायला घरभर माणसं होती. इथे भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नवरा मालगाडीचा गार्ड, संध्याकाळी बहुधा खंडव्याच्या वाटेवर. ब्याऐंशी साली उत्तर द्यायला घरात सहा वर्षांचा इनासच काय तो होता.

पोरगंही पक्कं. रोझरी संपली की केळं, या बोलीवर ते गुडघे टेकायचं. आईची अर्धी संपायच्या आत त्याचं आमेन तयार.

"देवाची गाडी सुटतेय का रे?" शेजारच्या लताबाई दारात तांदूळ निवडत विचारायच्या.

"सुटू द्या, केळं इथंच आहे."

पुढे तो कधी सावकाश म्हणू लागला, कधी केळं मागायचं विसरला, हे फिलोमिनाबाईंच्या ध्यानातच आलं नाही. दहावी झाल्यावर तो म्हणाला, "आई, मला फादर व्हायचंय. सेमिनरीत राहायला जातो."

"केळ्याची लालूच तुम्हीच दाखवली होती, अक्का," लताबाई हळूच म्हणाल्या.

इनासला हवं ते मिळालं, चर्चला फादर मिळणार होता, गार्डसाहेबांचा कॉलनीत मान वाढला. किंमत एकट्या फिलोमिनाबाईंनी मोजली. संध्याकाळी त्या आपली अर्धी म्हणत, सवयीने जरा थांबत आणि मग उरलेली अर्धीही स्वतःच पुरी करत.