पाहुण्यासाठी मोकळी धावपट्टी

गोडबोल्याचं खरं नाव हवाई तळावर कुणालाच माहीत नव्हतं. राजधानीतून आलेला, गुप्तचर खात्यातला, एवढंच. हे नाव त्याला कंट्रोल टॉवरवरच्या ताईने ठेवलं. माणूस असा, की आधी तुमचा कान कापील आणि मग कळवळून विचारील, ‘फार दुखलं नाही ना?’ आल्या दिवसापासून तो टॉवरच्या खोलीत ठाण मांडून बसला होता. बसायला खुर्ची तळाच्या कमांडरांची, चहाला कपही त्यांचाच.

विमानं उतरायची आणि उडायची ती ताईच्या शब्दावर. युद्ध सुरू झाल्यापासून तिचा नवरा आघाडीवर होता. घरी ती आणि सासूबाई. कमांडर तिला धाकट्या बहिणीसारखं वागवायचे, म्हणजे चुकलं की सगळ्यांदेखत झापायचे आणि जेवली नसेल तर आपला डबा पुढे सरकवायचे.

गोडबोल्याचा बेत असा होता: शत्रूचा एक वैमानिक फुटणार होता. बॉम्बफेकी विमानासकट तो याच धावपट्टीवर उतरणार होता. त्याला ‘पाहुणा’ म्हणायचं ठरलं होतं. पाहुण्याला भीती, की वाटेतच आपल्याला पाडतील. म्हणून विमानविरोधी मारा कुठून होतो, तो कधी बंद ठेवणार, कुठल्या बाजूने शिरायचं, हे सगळं त्याला कळवायचं होतं. खरं तर ते आधीच कळवून झालं होतं. कमांडरांना याचा पत्ता लागला तो शेवटी.

“म्हणजे माझ्या घराच्या दारा-खिडक्या तुम्ही परक्याला परस्पर सांगून मोकळे झालात?” कमांडर कडाडले.

“साहेब, विश्वास दिल्याशिवाय विश्वास मिळत नाही हो,” गोडबोल्या म्हणाला.

“ठीक आहे. मग माझी विमानं दुसऱ्या तळावर हलवतो. माणसंही.”

“अजिबात नाही. रिकामा तळ दिसला तर तो बिथरेल. रोजच्यासारखं सगळं जागच्या जागी हवं.”

कमांडरांनी राजधानीला फोन लावला. पलीकडच्याने काय सांगितलं ते ताईला ऐकू आलं नाही, पण कमांडरांचा चेहरा विटकरी झालेला तिने पाहिला. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, “हुकूम आहे.” मग खाली उतरले आणि पाण्याच्या टाक्या धुवायच्या आहेत, आज पाणी नाही, अशी थाप मारून त्यांनी खानावळीतली, धोबीखान्यातली, शिवणखात्यातली सगळी माणसं तळाबाहेर हाकलली. गोडबोल्याला कळलं तेव्हा तो जरा चिडला, पण ती माणसं तोवर फाटकाबाहेर गेली होती.

भर दुपारी, ऊन चढलेलं असताना, रेडिओवर पाहुण्याचा आवाज आला. अडखळत, पण अगदी नम्रपणे त्याने विचारलं, “धावपट्टी मोकळी आहे का?”

“मोकळी आहे,” ताई म्हणाली.

“मला घ्यायला कोण येणार? मी फक्त कमांडरच्या स्वाधीन होईन. दुसऱ्या कुणाच्या नाही.”

ताईने गोडबोल्याकडे पाहिलं. त्याने टेबलावर वाकून पुटपुटत वाक्य सांगितलं. ताईने माइकवर हात ठेवला. “हे कशाला सांगायचं? त्याला काय करायचंय कोण कुठे उभं आहे ते?”

“ताई, वेळ घालवू नका. सांगा.”

“कमांडर स्वतः धावपट्टीच्या टोकाला, जीपजवळ उभे आहेत,” ताईने सांगितलं.

“आभारी आहे,” पाहुणा म्हणाला. “त्यांना तिथेच थांबवा. मी येतोच आहे.”

त्यानंतर रेडिओवर नुसती खरखर. ताईने हाका मारल्या, पुन्हा पुन्हा मारल्या. खाली कमांडर डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे बघत होते. शेजारी अग्निशमन गाडी आणि तिच्यावरची पोरं. आकाशात विमानाचा ठिपकाही नव्हता. तिने थेट जीपची लाइन जोडली. “साहेब, तिथून निघा! आत्ता निघा!”

कमांडरांनी तिचं ऐकलं असावं, कारण ते वळले आणि अग्निशमनच्या पोरांना हातवारे करत पळा म्हणून ओरडू लागले. स्वतः मात्र जीपमध्ये बसले नाहीत.

पहिलं क्षेपणास्त्र धावपट्टीच्या टोकाला पडलं. दुसरं विमानांच्या रांगेवर. नंतरची मोजायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं. टॉवरच्या काचा आत आल्या आणि ताई जमिनीवर फेकली गेली. उठली तेव्हा कपाळातून रक्त वाहत होतं आणि जिथे जीप होती तिथे खड्डा होता. अग्निशमनची दोन पोरं गवतात रांगत होती. बाकीची दिसत नव्हती.

गोडबोल्या टेबलाखालून बाहेर आला, कपडे झटकले, आणि फोन उचलून राजधानीला कळवलं, “पाहुणा आला नाही.”

एवढंच. जळणाऱ्या तळाबद्दल चकार शब्द नाही. फोन ठेवून तो तिच्या जवळ आला, खिशातला रुमाल तिच्या कपाळाला लावत म्हणाला, “ताई, झालं ते झालं. यातलं बाहेर काही बोलायचं नाही बरं का.” तिने तो रुमाल त्याच्या तोंडावर फेकला.

---

दोन-तीन दिवसांत टीव्हीवर राजधानीतला एक प्रवक्ता झळकला. इस्त्री केलेला माणूस. म्हणाला, तळाच्या कमांडरने वरिष्ठांना अंधारात ठेवून शत्रूच्या वैमानिकाशी परस्पर संधान बांधलं होतं. हा पोरकट उद्योग अंगाशी आला. शिवाय हल्ल्याच्या दिवशी त्याने काही माणसं आधीच तळाबाहेर पाठवली होती. त्याला कशाची कुणकुण होती, याचीही चौकशी होईल.

ताईच्या हातातलं ताट खाली पडलं. “साहेबांनी माणसं वाचवली, तोच त्यांचा गुन्हा ठरवताहेत,” ती म्हणाली. “मेलेला माणूस उठून बोलणार नाही ना, म्हणून!”

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. “तो मेलाय. तू जिवंत आहेस,” त्या म्हणाल्या. “तुझी वाचा गेलीय का?”

“बोलले तर तुरुंग आहे, आई.”

“असू दे. डबा मी आणून देईन.”

कमांडरांची बायको दातांची डॉक्टर होती. ताई तिला वहिनी म्हणायची. तिच्या दवाखान्याच्या शटरवर कुणीतरी रंगाने ‘गद्दार’ लिहिलं. पेशंट येईनासे झाले. सरकारी घर रिकामं करायला सांगितलं गेलं. ताई भेटायला गेली, तेव्हा वहिनी रॉकेलचा बोळा घेऊन शटर घासत होती. एकटीच. रस्त्यावरून जाणारे ओळखीचे लोक अचानक मोबाइलमध्ये तोंड घालत होते.

ताईने दुसरा बोळा उचलला. घासता घासता तिने सगळं सांगितलं. तिने माइकवर उच्चारलेलं वाक्यसुद्धा. वहिनीचा हात थांबला. तिने फाडकन ताईच्या थोबाडीत मारली.

“हे टीव्ही बघताच सांगायला हवं होतंस,” वहिनी म्हणाली. “मी रात्रंदिवस विचार करत होते, की हा खरंच मला न सांगता असलं काही करत होता का. माझ्याच नवऱ्यावर संशय घ्यायला लावला त्यांनी मला!” आणि मग तिथेच, शटरला पाठ टेकून, ती हमसून हमसून रडली. ताई गाल चोळत शेजारी बसून राहिली. तिला त्या थपडेचा राग आला नाही. आपल्या वाटणीचा सगळा राग तिने दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवला होता.

आणि तो माणूस आपल्या पायांनी घरी आला.

गोडबोल्या संध्याकाळी दारात उभा राहिला, हातात फुलं. सासूबाईंना वाकून नमस्कार केला. बसला. कपाळाची जखम कशी आहे विचारलं. मग हळूच विषय काढला. पाहुण्याचा पुन्हा निरोप आला होता. मागच्या वेळी म्हणे त्याच्या वरिष्ठांना संशय आला, त्याला विमानच मिळालं नाही. क्षेपणास्त्रांचं त्याला काही ठाऊक नव्हतं. आता तो खरोखर येणार होता. तळ दुसरा. नदीपलीकडचा.

“फक्त त्याची एक अट आहे,” गोडबोल्या म्हणाला. “आवाज ओळखीचा हवा. तुमचाच. रेडिओवर तुम्हीच बोलायचं.”

ताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुमचा अजूनही त्याच्यावर विश्वास आहे?”

“आहे असं धरून चालावं लागतं. वर शब्द दिलाय. मागचं एक अपयश या कामाने धुऊन निघेल.”

“अपयश?” ताई उभी राहिली. “त्या पोरांची प्रेतं ओळखायला त्यांच्या आया आल्या होत्या. एकीला नुसता बूट दाखवला. त्याला तुम्ही अपयश म्हणता? आणि ते धुवायला तुम्हाला आणखी एक तळ जाळायचाय?”

“ताई, देशासाठी...”

“देशाचं नाव या घरात काढू नका. देश माझ्या नवऱ्याचाही आहे, तो खंदकात बसलाय. तुम्ही टेबलाखाली बसला होतात.”

सासूबाईंनी फुलं उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि दार उघडून धरलं. “निघा. नाहीतर आरडाओरडा करून आळी गोळा करीन.”

जाता जाता त्याचा गोडवा पहिल्यांदाच उतरला. “तुमच्याशिवायही होईल ते. आवाजाची नक्कल करणारी माणसं आहेत आमच्याकडे. आणि लक्षात ठेवा, कमांडर कुठे उभा आहे हे शत्रूला तुम्हीच सांगितलंत.”

“हो,” ताई म्हणाली. “आवाज माझा होता. वाक्य तुमचं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टॉवरवर गेली. काचांच्या जागी प्लायवूड ठोकलेलं होतं. तिने नदीपलीकडच्या तळाची लाइन मागितली. तिथला नियंत्रक तिच्याच तुकडीत शिकलेला होता. हे बोलणं ऐकलं जातं, याची तिला पूर्ण कल्पना होती. म्हणूनच तिने आवाज चढवला, म्हणजे ऐकणाऱ्यांना एकही शब्द दुसऱ्यांदा विचारावा लागू नये.

“तुमच्याकडे राजधानीचा एक माणूस आलाय किंवा येईल. पाहुण्यासाठी धावपट्टी मोकळी ठेवा म्हणेल. पाहुणा बिहुणा कुणी येणार नाही, येतील ती क्षेपणास्त्रं. आमच्याकडे आली तशीच. तुमच्या कमांडरला सांग, विमानं हलवा, माणसं हलवा, आणि माझं नाव घेऊन सांग.”

“माणूस काल रात्रीच आलाय,” नियंत्रक म्हणाला.

“मग बसलायस काय? ऊठ!”

तिला नेलं तेव्हा ती डबा खात होती. चौकशी बंद खोलीत झाली. सरकारी गुपित फोडलं, असा आरोप. समोरचे तीन अधिकारी तिच्याशी शांतपणे बोलत होते आणि ती त्यांच्यावर ओरडत होती. एकाने तिला पाणी दिलं, तर तिने विचारलं, “त्या पोरांच्या आयांना दिलंत का?”

दरम्यान नदीपलीकडच्या तळावर खरोखर मारा झाला. क्षेपणास्त्रं रिकाम्या धावपट्टीवर आणि रिकाम्या शेडवर पडली. एका पहारेकऱ्याचा पाय मोडला, तोही पळताना. त्यानंतर ताईवरचा खटला पुढे नेणं कुणालाच परवडणारं नव्हतं. खटला चालला असता तर हा सगळा प्रकार कोर्टात सांगावा लागला असता. तिला नोकरीतून काढून टाकलं आणि घरी पाठवलं. कमांडरांवरचा आरोप मात्र कुणी मागे घेतला नाही. प्रवक्ता पुन्हा टीव्हीवर आला, तो दुसऱ्याच विषयावर बोलायला. गोडबोल्याला बढती मिळाली.

तेव्हापासून वहिनी आणि ताई रोज सकाळी मुख्यालयाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहतात. मागणी एकच: ज्या टीव्हीवर खोटं सांगितलंत, त्याच टीव्हीवर खरं सांगा. अग्निशमनच्या पोरांच्या आयाही आता येतात. खानावळीतला मुख्य आचारी आला, म्हणाला, “टाकी कधी धुतलीच नव्हती, साहेबांनी आम्हाला वाचवायला थाप मारली, एवढं मी सांगू शकतो.” पहारेकरी आधी दरडावत. हल्ली नजर चुकवतात.

काल काळी गाडी आली. मागच्या सीटवर गोडबोल्या. फाटकाची आडकाठी वर गेली, पण बायका हलल्या नाहीत. त्याने काच थोडी खाली केली. “जरा बाजूला होता का, प्लीज?”

वहिनीने बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

“नाही,” ती म्हणाली. “उतर खाली.”