निचऱ्याची दोन भोकं

बेळगावात, टिळकवाडीतल्या त्या गल्लीत हरिभाऊंना लोक तोंडापेक्षा पायांवरून जास्त ओळखायचे. कधीही बघा, पोर्चमधल्या पांढऱ्या गाडीखालून दोन पाय बाहेर. कॉलेजच्या ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झालेला माणूस, पण सकाळी चहा झाला की पोतं पसरून, लुंगी वर खोचून जो गाडीखाली शिरायचा तो जेवायलाच बाहेर. गाडी पंचवीस वर्षांची. प्लग बदलायचे यांनी, क्लचची वायर ओढायची यांनी. रेडिएटर गळायला लागला तर बायकोच्या, बेबीताईंच्या, डब्यातली हळद नेऊन त्यात ओतली आणि गळती थांबल्यावर सगळ्यांना हाका मारून दाखवली. गॅरेजमध्ये पैसे घालणं म्हणजे यांच्या लेखी शुद्ध गाढवपणा. आणि हाताला यश होतं हो, तेच वाईट झालं. दोन-चार कामं बिघडली असती तर माणूस वेळेवर शहाणा झाला असता.

मूळ गाव जांबोटीच्या पलीकडं. भाताची शेती, आणि पाऊस असा की आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही. मागच्या पावसाळ्यात गावाहून परतताना गाडीत इतकं पाणी शिरलं की मागच्या सीटखाली तळं झालं आणि पत्रा गंजून चाळण झाली. हरिभाऊंनी तो पत्रा खरवडला, वरून नवा तुकडा रिबिटांनी ठोकला, डांबर फासलं. मग त्यांना आपल्या वडिलांची आठवण झाली. वडील भाताच्या खाचराचा बांध कितीही पक्का घालोत, कोपऱ्यात पाण्याला जायला एक भोक ठेवायचेच. पाणी अडलं की पीक कुजतं, हे त्या घरातल्या पोरांना अक्षर-ओळखीच्या आधी शिकवलेलं. हरिभाऊंनी ड्रिल घेतलं आणि मागच्या सीटखाली, नव्या पत्र्याला अंगठा जाईल अशी दोन भोकं पाडली. पाणी आलंच तर निचरून जाईल. वर जाड चटई टाकली.

मग चारी दारांना नवं रबर बसवलं. पूर्णिमाला, म्हणजे सुनेला, आत बसवून बाहेरून नळाचं पाणी सोडलं. "एक थेंब आला तर सांग गं!" थेंब आला नाही. हरिभाऊ असे खूश झाले की त्या रात्री एक भाकरी जास्त जेवले.

आता त्या भोकांच्या बरोब्बर खालून काय जात होतं? सायलेन्सरचा पाइप. तोही पंचवीस वर्षांचा, जोडाला कुजलेला. चढाला गाडी फटफटायला लागली तेव्हा हरिभाऊंनी ओळखीचा मेकॅनिक भरमू याला नुसतं बघायला म्हणून बोलावलं. भरमू खाली शिरला आणि तोंड वाकडं करूनच बाहेर आला.

"काका, पाइप गेलाय. सबंध बदलाय पायजे. आणि ही भोकं कुणी पाडल्यात?"

"मी. निचऱ्याला."

"निचरा राहू दे ओ. सगळा धूर वर येतोय. हा धूर दिसत न्हाय, वास बी धड येत न्हाय, पण माणूस बसल्या जागी मरतंय. ती भोकं बुजवा, आणि पाइप बदलंस्तवर मागं बारक्या नातीला बसवू नका."

"बघतो, बघतो," हरिभाऊ म्हणाले. मनात म्हणाले, बदला म्हटल्याशिवाय ह्यांचं दुकान कसं चालणार! गोड्या तेलाचा रिकामा डबा कापून त्यांनी पाइपाच्या जोडाला गुंडाळला, पट्ट्या आवळल्या, वरून सायलेन्सरची काळी पेस्ट थापली. गाडी चालू केली. आवाज गायब! आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं, असा त्यांचा हिशेब. पण डब्याच्या पत्र्याला शिवण असते, पेस्टला भेगा पडतात, आणि धुराला बाहेर पडायला आवाज करावाच लागतो असं कुठं आहे? पंधरा दिवसांनी मंडईत भरमू भेटला. "भोकं बुजवलासा न्हवं काका?" त्यानं विचारलं. "व्हय व्हय," म्हणून हरिभाऊंनी कोथिंबिरीची जुडी निवडायला घेतली. घरात यातलं एक अक्षर कुणाला सांगितलं नाही.

नात आदू तेव्हा नऊ महिन्यांची. दात येत होते. दिवसभर किरकिर, रडून रडून घर डोक्यावर. मुलगा केयूर गोव्याला कंपनीत, शनिवारी येणार, सोमवारी जाणार. पोरीला सांभाळताना तिघांच्या नाकी नऊ आले होते. एका संध्याकाळी हरिभाऊंनी तिला आणि पूर्णिमाला गाडीत घालून काँग्रेस रोडवरून चक्कर मारली, तर पोरगी गाढ झोपली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

"बघा, आजाच्या गाडीत कशी झोपायलीय!" बेबीताई शेजारणींना सांगायच्या. "पाळण्यात झोपत न्हाय, मांडीवर झोपत न्हाय. गाडीत घातली की पाच मिनिटांत."

अंगावर काटा येतो आता ते आठवलं की. सगळं घर त्या झोपेवर खूश होतं.

पाऊस वाढला तशा काचा बंद राहायला लागल्या. आषाढात निपाणीला साखरपुडा होता, गेले सगळे गाडीनं. हायवेवर दीड तास, काचा बंद. उतरता उतरता पूर्णिमा गटाराकडं धावली आणि भडाभडा ओकली. डोकं फुटतंय म्हणाली. आदूला उठवता उठवेना. तोंडावर पाणी मारलं तेव्हा कुठं डोळे किलकिले केले. गाल मात्र गुलाबासारखे लाल.

"दिष्ट लागली माझ्या बाईला," बेबीताई म्हणाल्या. घरी आल्याबरोबर त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या, गालाला काजळाचा ठिपका लावला, आणि गाडीला लिंबू-मिरची बांधली. हरिभाऊ हसले. "दिष्ट कसली गं? गाडी लागलीय दोघींना. सवय न्हाय."

पूर्णिमा तशी शब्दाला शब्द देणारी नव्हे. पण त्या दिवशी म्हणाली, "आप्पा, मला गाडी कधीच लागत न्हाय. लग्नाआधी पाच वर्षं रोज खानापूरहून बसनं यायचे मी, उभं राहून. ह्याच गाडीत डोकं धरतंय. आदूचं मला भ्या वाटतंय."

हरिभाऊंच्या छातीत कुठंतरी भरमू बोलला. ऐकू आलं त्यांना, नाही असं नाही. पण सुनेपुढं, बायकोपुढं, आपण दोन महिने घाम गाळून केलेलं काम चुकलं म्हणायचं? छे! ते चटकन म्हणाले, "मग राहू दे. म्हाताऱ्याची गाडी नको झाली असंल तर तसं सांग." असं म्हटल्यावर कुठली सून पुढं बोलणार? पूर्णिमा आदूला उचलून आत गेली. हरिभाऊंना क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं, आणि मग रात्री जेवण गोड लागलं नाही.

श्रावणात आदूला अकरावा महिना लागला. गावच्या देवापुढं जावळ काढायचं ठरलं. केयूर गोव्याहून परस्पर गावी उतरणार होता. पूर्णिमाचा भाऊ स्वरूप मोटारसायकलनं आदल्या दिवशीच तिकडं गेलेला. पूर्णिमा सकाळी पुन्हा चाचरत म्हणाली, "आत्ती, आम्ही दोघी बसनं येऊ का? साडेआठची आहे."

"असल्या पावसात लेकराला घेऊन बसनं?" बेबीताई म्हणाल्या. "बस वेळेवर येतीय का तिकडं? गाडी कशाला ठेवलीय दारात!"

पूर्णिमानं सासऱ्याकडं बघितलं. एक शब्द पुरे होता. जा बसनं, एवढाच. हरिभाऊंनी किल्ली घेतली आणि ते काच पुसायला लागले.

जांबोटी मागं पडली तरी धो धो पाऊस. दोन्ही बाजूंना झाडी, वर धुकं, वायपर घासूनही पुढचं दिसेना. आत थेंब नाही. हरिभाऊंनी दाराच्या रबरावरून बोट फिरवून बघितलं, कोरडं ठणठणीत. समोरच्या जाळीतून त्यांच्या तोंडावर थोडी हवा येत होती. मागं ती पोचत नव्हती. मान जड झाली होती, कपाळात ठणका होता. सकाळी चहा अर्धाच घेतला, त्यानं असेल. बेबीताई शेजारी मान टाकून झोपलेल्या. मागं आरशात पूर्णिमाचं डोकं काचेला टेकलेलं, मांडीवर आदू. कुणी बोलत नव्हतं. किती बरं वाटतंय, हरिभाऊंच्या मनात आलं, पोरगी एकदासुद्धा रडली नाही आज.

वळण घेतलं तर रस्ताभर म्हशी. हरिभाऊंनी ब्रेक दाबला, हॉर्न दाबला. म्हशींना कसला हॉर्न! त्यांनी हात काढलाच नाही, भोंगा वाजतच राहिला. डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला गुराखी काठी आपटत आला. हरिभाऊंनी त्याला झापायला काच खाली केली आणि गार वारा थाडकन तोंडावर आला. डोळ्यांपुढं अंधारी आली. जीभ जड. काय बोलायचं होतं तेच विसरले.

गुराखी आत डोकावला. "अण्णा, ही मान्सं अशी का ओ पडल्यात?"

"झोपल्यात," हरिभाऊ म्हणाले.

आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. एवढा भोंगा वाजला. कानठळ्या बसतील असा. आणि मागं अकरा महिन्यांचं पोर हललंसुद्धा नाही!

दार उघडून उतरले तर पाय दुमडले, चिखलात गुडघ्यावर पडले. तसेच गाडीला धरून उठले, मागचं दार ओढलं. पूर्णिमा कलंडून त्यांच्या अंगावर आली. आदूची मान ओल्या कापडासारखी लोंबली. गाल लालभडक. "आदू! ए आदू! बाई माझी!" गुराख्यानं खोळ रस्त्यावर पसरली, लेकराला तिच्यावर घातलं, मग पूर्णिमाला ओढून काढलं, बेबीताईंना काढलं. वरून पाऊस कोसळत होता. हरिभाऊ पोरीचे तळवे चोळत होते, छातीला कान लावत होते, आणि स्वतःच्याच धापेपुढं त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

आधी बेबीताई ओकल्या. मग पूर्णिमानं डोळे उघडले, उठता येईना म्हणून ती हातावर रांगत लेकराकडं आली. तिनं आदूच्या तोंडात फुंकर घातली, पुन्हा घातली, पाठ चोळली. देवा रे! ती दोन मिनिटं कुणाच्या वैऱ्यावरही येऊ नयेत. शेवटी मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. मागून दुधाचा टेम्पो येत होता. गुराखी आडवा उभा राहिला म्हणून तो थांबला, आणि त्याच्या उघड्या हौद्यातून, कॅनांच्या मधे बसून, ती चौघं बेळगावला आली.

दवाखान्यात आदूला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गाडीची चौकशी केली आणि सांगितलं, धुरातला विषारी वायू गेलाय अंगात. जिवावरचं टळलं, पण वर्षभर लक्ष ठेवायला पाहिजे. बसणं, चालणं, बोलणं वेळेवर येतंय का बघायचं. तेवढ्यात फोन मिळून केयूर आणि स्वरूप गावाहून मोटारसायकलवरून भिजत आले. केयूरनं सगळं ऐकलं. पोरीच्या तोंडावरचा मास्क बघितला आणि त्याचे डोळे फिरले.

"गाडी त्या भरमूला दाखवलीती न्हवं? असला पाइप दिसला न्हाय त्याला? सोडत न्हाय मी त्याला आज. स्वरूप, किल्ली दे!"

खोलीत हरिभाऊ भिंतीला लागून उभे होते. कुणी त्यांच्याकडं बघतही नव्हतं. आप्पांचं काम कधी बिघडत नाही, मेकॅनिकनंच फसवलं, असंच सगळे धरून चालले होते. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. गप्प राहायला त्यांना चांगलं जमत होतं, दोन महिने जमलंच होतं की. केयूर दारापर्यंत गेला.

"केयूर, थांब," हरिभाऊ म्हणाले. "भरमूनं सांगितलंतं मला."

"काय सांगितलंतं?"

"धूर वर येतोय म्हणून. भोकं बुजवा, पोरीला बसवू नका म्हणून. दोनदा बोललाता."

बेबीताईंनी तोंडावर पदर धरला. केयूर तसाच दारात उभा, हातात किल्ली. कॉटवर बसलेली पूर्णिमा हळूहळू वळली.

"मी बसनं जाते म्हटलं, तवा ठावं होतं तुम्हाला?"

"व्हय."

"निपाणीहून आलो, तवा?"

"तवा पण."

तिनं तोंड फिरवलं आणि आदूच्या पायांवरची चादर सारखी केली.

तेवढ्यात आदू जागी झाली. मास्कच्या वर तिचे डोळे या तोंडावरून त्या तोंडावर फिरले आणि हरिभाऊंवर थांबले. तिनं सुई टोचलेला हात कसाबसा उचलला, मग दुसराही उचलला. घे म्हणून दोन्ही हात आजोबाकडं केले.

हरिभाऊ पुढं झाले नाहीत. त्यांनी पूर्णिमाकडं बघितलं. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नखांत गाडीचं काळं बसलेले आपले दोन्ही हात हरिभाऊंनी पाठीमागं नेले आणि ते तिथंच उभे राहिले. आदूचे हात बराच वेळ वर होते.