चौदा नंबरचा शर्ट

“बाहीवरचा तेवढा डाग काढून टाका, मामा. संध्याकाळी काचेच्या पेटीत लावायचाय.” मॅनेजरने चौदा नंबरचा जुना पांढरा शर्ट टेबलावर टाकला. “आपल्या लीगचा पहिला गोल झाला तो याच शर्टात. चाळीस वर्षं झाली, आहात कुठे!”

मामा होता तिथेच होता, क्लबच्या धुलाईच्या खोलीत. आणि तो डाग त्याच्याच रक्ताचा होता, हे या दीडशहाण्याला कोण सांगणार?

देशातली पहिली व्यावसायिक फुटबॉल लीग आणि तिचा पहिलाच सामना. मामा तेव्हा नऊ नंबर. समोरच्या बचावपटूने ओढून त्याचा शर्ट पार फाडला. जादा शर्ट कुणीच आणला नव्हता. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूने, त्याच्या दोस्ताने, लंबूने अंगातला चौदा नंबर काढून दिला. घाईघाईत टेबलावरच्या नोंदवाल्याला सांगायचं राहिलं. मामाने हेडरने गोल मारला, ओठ फुटला, रक्त बाहीला पुसलं. नोंदवाल्याला वाटलं, बदली खेळाडू आला असेल. त्याने पाठीवरचा आकडा बघून लंबूचं नाव लिहिलं.

त्या दिवशी दोघं पोट धरून हसले होते. पण दोन महिन्यांत मामाचा गुडघा कामातून गेला, नशिबी धुलाईची खोली आली आणि हसण्यासारखं काही उरलं नाही. लीगच्या कचेरीने सांगितलं, गोल ज्याच्या नावावर आहे त्याने लेखी दिलं तर बदलू. लंबू दर वेळी म्हणायचा, “देतो रे, पळून चाललोय का मी?” पुढे तो कप्तान झाला, प्रशिक्षक झाला, मोठा माणूस झाला. गोलावर मामाचं नाव लागायची वाट बघून बघून त्याची बायको वारली.

दुपारी लंबू आला, संध्याकाळच्या समारंभासाठी सुटाबुटात. मामाने कागद पुढे केला. दोनच ओळी होत्या.

“आज तरी सही कर, लंबू.”

लंबूने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “अरे, नातवाच्या शाळेच्या पुस्तकात आलंय माझं नाव. आता कुठल्या तोंडाने सांगू?”

“खरं सांगायला तोंड कशाला शोधतोस?”

“भाषणात तुझं नाव घेतो ना! मामाने शर्ट जिवापाड जपला म्हणून.”

“जपला. पण तुझ्यासाठी नव्हता जपला, मेल्या!”

लंबू खाली मान घालून निघून गेला. कागद टेबलावरच राहिला.

मामाचं डोकं सणकलं. कात्री घ्यावी आणि त्या शर्टाच्या चिंध्या कराव्यात, असं वाटलं त्याला. कात्री हातात घेतलीसुद्धा. पण क्लबचा एक कपडा त्याने आजवर खराब केला नव्हता. त्याने बाही भिजवली, ब्लीच लावलं आणि घासायला बसला. तीनदा घासावं लागलं. मग इस्त्री करून शर्ट हँगरला लावला.

मॅनेजरने बाही उजेडात धरून बघितली. “वा, मामा! इथे कधी डाग होता असं कोणी म्हणणार नाही.”

“नाही म्हणणार,” मामा म्हणाला, आणि टेबलावरचा तो कागद उचलून त्याने ओले हात पुसले.