परीराणीच्या गालावरचा अंगठा

मी निवृत्त झालो आणि आमच्या घरात पऱ्या आल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. बायको म्हणाली, "दुपारचा वेळ जात नाही हो, क्लास लावते." इतकी वर्षं सुरळीत जाणारा तिचा दुपारचा वेळ मी घरी बसायला लागल्याबरोबर कसा जाईनासा झाला, हा प्रश्न एखाद्या हुशार माणसाला पडला असता. पण मी बस कंपनीच्या तक्रार खिडकीवर आयुष्य काढलेलं आहे. तिथे प्रश्न पडून चालत नाही, मान डोलवावी लागते.

तक्रार ऐकून घेणं ही कला आहे. कपाळाला आठ्या घालायच्या, म्हणजे समोरच्याला वाटतं आपलं दुःख पोचलं. त्याच वेळी ओठांवर थोडं हसू ठेवायचं, म्हणजे तो हात उगारत नाही. "तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे," असं म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. माझ्या खिडकीवरून कोणीही समाधानी होऊन गेलं नाही, पण कोणी काचही फोडली नाही. निरोप समारंभात साहेबांनी याचा खास उल्लेख केला.

घरीही हीच कला कामाला आली. माझी आई आणि बायको एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण नाही, तसं काहीच नाही, फक्त बोलत नाहीत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. "तिला म्हणावं, खिडकी लाव," आई म्हणणार. आई, बायको आणि खिडकी तिघीही त्याच खोलीत. "त्यांना विचारा, शाल देऊ का," बायको विचारणार. मग मी आईला विचारणार आणि उत्तर बायकोकडे पोचवणार. लोक याला अडकित्त्यातली सुपारी म्हणतात. मला काही त्यात जाच वाटायचा नाही. उलट, मी नसतो तर या घराचं कसं झालं असतं, असंच वाटायचं.

तर पऱ्या. पॉलिमर क्ले म्हणून एक माती मिळते. मातीशी तिचा काही संबंध नाही, दुकानात रंगीत वड्या असतात. तळहातावर मळून ऊब दिली की ती लोण्यासारखी वळते आणि ओव्हनमध्ये भाजली की कायमची घट्ट होते. भाजेपर्यंत तिचं मन वळवता येतं, नंतर नाही. बायकोने त्यासाठी छोटा ओव्हन वेगळा घेतला आणि बाल्कनीत ठेवला, कारण मातीचा ओव्हन आणि खाण्याचा ओव्हन एक करायचा नसतो. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पऱ्यांकडे गेला. काचेच्या बरणीला बाहेरून माती थापून तिचं घर, त्याला नखाएवढं दार, दाराला मोहरीएवढी मूठ. भूछत्राची आसनं. तारेच्या सांगाड्यावर परी, पारदर्शक कागदाचे पंख, आणि वाटाण्याएवढं डोकं. त्या वाटाण्यावर डोळे, नाक, ओठ, सगळं सुईने आणि दात कोरायच्या काडीने.

मी टेबलाच्या पलीकडे, बरोबर तिच्या समोर खुर्ची टाकून बसायचो. मदत म्हणून. "या जिन्याला कठडा नाही," मी म्हणायचो. "परी पडली म्हणजे?"

"तिला पंख आहेत," बायको मान वर करून म्हणायची.

"धुराडं खिडकीच्या वर आलंय. सगळा धूर आत जाणार."

ती परत मान वर करून माझ्याकडे बघायची आणि परत खाली घालायची. मी असं काही ना काही सुचवत राहायचो. आई माझ्या शेजारी, टेबलापासून जरा मागे आरामखुर्चीत विणत बसलेली असायची. तिलाही मी विणकामाबद्दल दोन गोष्टी सांगायचो. दुपार कशी छान जायची.

पहिली परी भाजून बाहेर आली आणि मी ती हातात घेऊन बघितली. पंख सुंदर, झगा सुंदर, बोटं तर तांदळाच्या कण्यांसारखी नाजूक. आणि चेहरा? भुवया एकमेकींना भिडलेल्या, खालचा ओठ पुढे, एक नाकपुडी वर. हा चेहरा मी जन्मापासून ओळखतो. ही माझी आई होती.

"हे काय केलंस?" मी हळूच विचारलं.

"मुद्दाम नाही हो केलं. हसरी करायला बसते आणि हात आपोआप असाच वळतो."

मी मान डोलवली. सासूवरचा राग सुनेच्या बोटांतून बाहेर पडतो, यात समजण्यासारखं अवघड काय आहे? दुसरी परी तशीच झाली. तिसरीही. क्लासच्या बाई मात्र हरखून गेल्या. "बाकीच्यांच्या पऱ्या फोटो काढायला बसल्यासारख्या हसतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या पऱ्यांना काहीतरी खरंच सोसावं लागतंय." वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन होतं. त्यात बायकोला मधलं टेबल मिळालं. वर पाटी लागणार होती, 'रुसलेल्या पऱ्या'.

माझा या निदानावर पूर्ण विश्वास बसला तो आणखी एका गोष्टीने. मध्ये मी आईला आठवडाभर मावशीकडे घेऊन गेलो होतो. परत आलो तर टेबलावर चार नव्या पऱ्या, चारही गालात हसणाऱ्या. एक तर चक्क डोळा मारत होती. दुसऱ्या दिवसापासून आई आरामखुर्चीत, मी माझ्या खुर्चीत, आणि पऱ्यांच्या कपाळावर परत आठ्या. आणखी काय पुरावा हवा?

आता गंमत संपते. महिन्यापूर्वी घरात एक छोटी ठिणगी पडली होती. बायकोने पऱ्यांच्या ब्लँकेटसाठी आईची लोकर विचारल्याशिवाय कापली. म्हणजे तिने मला विचारायला सांगितलं होतं, आणि मी विसरलो होतो, पण तो मुद्दा वेगळा. आई मला म्हणाली, "या घरात आणखी एकदा माझी किंमत कमी झाली ना, तर मी धाकट्याकडे निघून जाईन. तिला सांग." मी सांगितलं नाही. धाकटा भाऊ चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे असे की एकदा वर गेली की ती परत खाली उतरणार नाही. शिवाय आई बोलते ते करते. मला आई घरात हवी होती. म्हातारा झालो तरी मी तिचा मुलगा आहे, आणि सकाळी तिच्या काठीचा आवाज आला नाही तर मला चहा गोड लागत नाही. हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही.

आणि आई म्हणाली, "मी पण येणार प्रदर्शनाला."

"अगं, तिथे पायऱ्या आहेत."

"किती?"

"आणि बसायला खुर्च्या नाहीत. आणि पऱ्या एवढ्याशा, तुला दिसायच्या पण नाहीत."

"तू एवढा नको म्हणतोयस, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असणार."

घरी लांबून तिला पऱ्यांचे फक्त रंगीत ठिपके दिसायचे. प्रदर्शनात मात्र प्रत्येक टेबलावर भिंग ठेवणार होते. गावासमोर पाटी लावून मांडलेला स्वतःचा रुसका चेहरा भिंगातून बघितल्यावर आई थेट धाकट्याच्या जिन्यावर दिसली असती.

त्यातून शेवटची कलाकृती सगळ्यात धोक्याची होती. परीसभा. भूछत्रांवर गोल बसलेल्या सगळ्या रुसलेल्या पऱ्या आणि मधोमध उंच आसनावर परीराणी. तिचं डोकं सुपारीएवढं, म्हणजे आठ्याही तेवढ्याच ठळक. बाकीच्या भाजून झाल्या होत्या, राणी ताटलीत कच्चीच होती. बायको तार आणायला बाहेर गेली. आई आत पडली होती. आणि मी दात कोरायची काडी उचलली.

मनात एवढंच होतं की ओठांची टोकं जरा वर उचलायची. राणी हसली की सगळी सभाच थट्टेची वाटेल, आई ओळखणार नाही. डावं टोक उचललं. उजवं उचलताना राणीचं डोकं फिरायला लागलं, म्हणून गालाला अंगठा लावून धरलं. जिभेचं टोक दातांत धरून मी ते हसू नीट बसवत होतो, इतक्यात कुलपात किल्ली फिरली. भुवयांना हात लावायला वेळच मिळाला नाही.

बायको आत आली. तिने ताटली उचलली, राणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. परत राणीकडे बघितलं. मग बाल्कनीत जाऊन राणीला ओव्हनमध्ये ठेवलं. तिला काही कळलं नाही, असं समजून मी मोठा श्वास सोडला.

प्रदर्शनाच्या दिवशी पायऱ्या चढताना मी आईला दोनदा घरी परतायला सुचवलं. तिने दोनदा काठी आपटली. मधल्या टेबलापाशी क्लासच्या बाईंनी तिच्या हातात भिंग दिलं. आई वाकली. एकेक परी बघत सावकाश पुढे सरकू लागली. मी तोंडावर माझा खिडकीतला चेहरा चढवून तयार उभा होतो.

"अगं बाई," आई म्हणाली. "सूनबाई, या सगळ्या तू आहेस!"

मी चाटच पडलो. पहिलं म्हणजे तिने 'तिला सांग' म्हटलं नाही.

"मी?" बायको म्हणाली. "नाही हो आई. मला तर वाटायचं, या तुम्ही आहात. मी इतकी घाबरले होते तुम्ही येणार म्हणून."

"मी? मी कुठे अशी दिसते?"

"आणि मी कुठे अशी दिसते?"

मला वाटलं, झालं, पेटलं. मी मध्ये पडणार होतो, तेवढ्यात आईने भिंग बायकोच्या चेहऱ्यासमोर धरलं आणि बारकाईने बघितलं. "आत्ता नाही दिसत," ती म्हणाली. "पण दुपारी अशीच असतेस की. समोरच तर बसलेली असते मी, बघते ना रोज."

"मीही बघते ना तुम्हाला दुपारी. अगदी अश्शाच." बायकोने एका परीच्या नाकपुडीवर बोट ठेवलं.

"मग दुपारी आपल्याला होतं तरी काय गं?" आई म्हणाली.

दोघींची नजर एकाच वेळी मधल्या परीराणीवर गेली. तिच्या कपाळाला कळवळून आठ्या पडलेल्या होत्या आणि ओठांवर मात्र लोण्यासारखं हसू होतं. डाव्या गालावर अंगठ्याचा ठसा. रेघ न् रेघ उमटलेली, भाजून पक्की झालेली.

"ही काही तू नाहीस," आई म्हणाली.

"आणि तुम्हीही नाही."

आईने भिंग आणखी खाली नेलं. "अगं, हा तर हा! शाळेतून तक्रार आली की अगदी असंच तोंड करून उभा राहायचा. वरून बिचारा, खालून लबाड."

"रोज समोर बसतात ना," बायको म्हणाली. "मान वर केली की हेच दिसतं. जिन्याला कठडा नाही, धुराडं चुकलंय."

"मला म्हणतो, टाका उलटा घाल. याने कधी सुई तरी हातात धरलीय?"

दोघींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. भुवया भिडलेल्या, खालचा ओठ पुढे, एक नाकपुडी वर. हुबेहूब. गोल बसलेल्या सगळ्या पऱ्याही त्या राणीकडे तशाच बघत होत्या. त्या क्षणी मला मावशीकडचा तो आठवडा आठवला. आईला घेऊन गेलो होतो खरा, पण त्या आठवड्यात घरात मीही नव्हतो. एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

"तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे," मी म्हणालो. तोंडातून तेच बाहेर पडलं.

त्यावर दोघी अशा काही हसायला लागल्या की आईला बसवायला खुर्ची आणावी लागली. खुर्च्या भरपूर होत्या. क्लासच्या बाई धावत आल्या आणि काय झालं विचारू लागल्या. बायकोने सांगायला सुरुवात केली, आईने पुरं केलं. राणीच्या आसनाखाली नाव लिहायचं राहिलं होतं. आईने ते सुचवलं आणि बायकोने लगेच लिहून टाकलं, 'सल्लागार'. दिवसभर त्या टेबलासमोर गर्दी हटली नाही. मीच बाजूला उभा राहून लोकांना भिंग देत होतो. दोन बायकांनी माझ्याकडे आणि राणीकडे आलटून पालटून बघितलं आणि हसू दाबत पुढे गेल्या.

आई धाकट्याकडे जाणार नाही. तिने ते मला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. आता ती सगळं तिलाच सांगते. खिडकी लाव, शाल दे, ती लोकर घे हवी तर. आईची आरामखुर्ची टेबलाला लागून आली आहे आणि परीच्या ब्लँकेटांची वीण तीच घालते. एका वर्षात मी दुसऱ्यांदा निवृत्त झालो, आणि या वेळी निरोप समारंभही झाला नाही.

वाईट वाटतं का? वाटतं. पण सकाळी काठीचा आवाज येतो आणि चहा गोड लागतो.

गेल्या आठवड्यात एका बालवाडीने पऱ्यांची मोठी मागणी नोंदवली आहे. पण त्यांना पऱ्या हसऱ्या हव्यात. म्हणून सध्या दुपारी मी आतल्या खोलीत बसतो. बाहेरून दोघींच्या हसण्याचा आवाज येतो. कशावरून हसताहेत, ते जाऊन विचारावंसं वाटतं. आत्ताच उठून दारापर्यंत गेलो होतो.

"अहो, थांबा तिथेच," बायको म्हणाली. "अजून भाजायच्या आहेत."